आठव्याला शिकवणार नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मॅनेजिंग डायरेक्टर, ज्यांना आपण सगळे मोठे साहेब म्हणतो ते. त्यांच्या उजव्या बाजूला बसलेले उत्पादन-संचालक. समोर बसलेले सर्व खात्यांचे अधिकारी आणि ऑफिसातले सहकारी. माझ्या घरची मंडळी. आणि सगळ्यात मागे, भिंतीला पाठ लावून उभी असलेली पहिल्या पाळीची मंडळी, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

थांबा जरा. भाषणाआधी एक काम आहे. पहिल्या रांगेत नऊ खुर्च्या रिकाम्या आहेत. प्रत्येकीवर ‘राखीव’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. त्या चिठ्ठ्या माझ्या विभागाने लावल्या, म्हणजे मीच लावल्या असं समजा. आणि मागे तीस-पस्तीस माणसं उभी आहेत, जी सकाळपासून आठ तास भट्टीसमोर उभीच होती. या, पुढे या. चिठ्ठ्या काढा आणि बसा. अहो, लाजताय काय? कपडे मळलेत म्हणून? खुर्च्या पुसता येतात हो.

नाही. कुणी येत नाही. बघा मोठे साहेब, एकतीस वर्षांत मी या लोकांना इतकं नीट शिकवून ठेवलंय, की आज मी स्वतः बोलावतोय तरी ते पुढे यायला तयार नाहीत.

माझ्या आधी तीन वक्ते बोलले. एकाने सांगितलं, मी माणसं घडवली. दुसऱ्याने सांगितलं, मी या कारखान्यात नेतृत्वाची शाळा काढली. तिसऱ्याने मला चक्क मोठ्या झाडाची उपमा दिली. तिघांचेही आभार. तिघांचीही भाषणं माझ्याच विभागातून टाइप होऊन गेली होती, त्यामुळे त्यात नवीन काही नव्हतं. हसा, हसा. पुढे फारसं हसायला मिळणार नाही.

सकाळी निघताना आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या खिशात दोन गोष्टी घातल्या. एक रक्तदाबाची गोळी आणि दुसरा हा भाषणाचा कागद. म्हणाल्या, “अहो, शेवटचा दिवस आहे. चार गोड शब्द बोला आणि गुपचूप घरी या.” गोळी मी घेतली आहे. कागद वाचणार नाही. त्या बघा, दुसऱ्या रांगेत कपाळाला हात लावून बसल्या आहेत. त्यांची मी घरी गेल्यावर समजूत काढीन.

खिशात तिसरा एक कागद आहे. तो मात्र वाचणार आहे. राजीनामा आहे. माझा नव्हे, मी तर रीतसर निवृत्त होतोय. मशीन हॉलच्या सहायक प्रमुखबाईंचा. दोनच ओळींचा आहे. “मला कामातून मोकळं करावं, ही विनंती. आता आठव्याला शिकवणार नाही.” खाली सही. बस्स.

या कागदावर माझी सही झाली, की त्या मोकळ्या. मी सहा वाजेपर्यंत या कारखान्याचा मनुष्यबळ प्रमुख आहे. आत्ता पावणेपाच झालेत. हे घड्याळ तुम्हीच आत्ता मला भेट दिलंत, म्हणून वेळ बिनचूक सांगतोय.

आता ऑफिसातली बरीच मंडळी मशीन हॉलमध्ये कधी गेलेलीच नाहीत. त्यांनी तो वरच्या गॅलरीच्या काचेतून पाहिलाय, पाहुण्यांना दाखवताना. म्हणून थोडं सांगतो. आपण बाटल्या बनवतो. औषधाच्या, सरबताच्या, तेलाच्या. हॉलमध्ये वरून तापून लाल झालेल्या काचेचा गोळा साच्यात पडतो, त्यात हवा फुंकली जाते आणि खाली पट्ट्यावर बाटली उभी राहते. एका मिनिटात दोनशे. तिन्ही मशीन सुरू असताना तिथे इतका आवाज असतो, की शेजारी उभं राहून कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. वर कानांत बोळे घालणं सक्तीचं. मग तिथली बेचाळीस माणसं एकमेकांशी बोलतात कशी?

हातांनी बोलतात. दोन्ही हात डोक्यावर फुली मारून धरले, की ‘थांबव’. मूठ फिरवली की ‘साचा बदल’. आणि एक खूण अशी आहे, जी मला या वयात कळली. कुणाच्या हातून चूक झाली, की तो माणूस आपला तळहात स्वतःच्या डोक्यावर दोनदा थोपटतो. म्हणजे ‘चूक माझी’. उगाच इतरांनी शोधत बसू नये, कुणामुळे बिघडलं, कुठे बिघडलं. ज्याचं काम त्या चुकीमुळे अडलं, तो लगेच माफ करत नाही. तो आधी मशीनकडे बोट दाखवतो. म्हणजे ‘आधी दुरुस्ती’. दुरुस्ती झाली, की मग छातीवर हात ठेवतो. मिटलं. पुन्हा त्या चुकीचा विषय कुणी काढत नाही.

मी एकतीस वर्षं शिस्तभंगाच्या नोटिसा लिहिल्या. याहून चांगली पद्धत मला सुचली नाही.

त्या हॉलमध्ये सहायक प्रमुख म्हणून एक बाई एकोणीस वर्षं काम करतायत. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणतात. शाळेत कधी शिकवलेलं नाही त्यांनी. पण हॉलला जो जो प्रमुख बाहेरून आला, त्याला त्यांनीच शिकवलं. असे सातजण आले. मोठमोठ्या पदव्या घेऊन, माझ्याच जाहिराती वाचून, मीच घेतलेल्या मुलाखतीतून. प्रत्येकाला पहिल्या दिवशी मीच हॉलच्या दारापर्यंत सोडायला जायचो आणि मास्तरीणबाईंना सांगायचो, “यांना जरा काम दाखवा.” त्या दाखवायच्या. भट्टीचा रंग कसा ओळखायचा, कुठला साचा कधी रुसतो, कुणाची आई आजारी आहे, कुणाला कुणाशेजारी उभं करायचं नाही. दोन-अडीच वर्षांत साहेब तयार व्हायचे आणि बढती घेऊन वर तरी जायचे, नाहीतर दुसऱ्या कंपनीत तरी. मग मी पुन्हा जाहिरात द्यायचो.

यातले चौथे आज व्यासपीठावर बसले आहेत. नमस्कार संचालक साहेब. खाली बघू नका. दुसऱ्याच आठवड्यात आपण चालू पट्ट्यावरची बाटली हाताने सरळ करायला गेला होतात. आपल्याला मागून कॉलर धरून कुणी ओढलं, हे आपण विसरला असाल. डाव्या हाताची पाचही बोटं शाबूत आहेत, ती बघा आणि आठवा.

आता माझ्या त्या नेतृत्वाच्या शाळेविषयी. दरवर्षी बारा अधिकारी निवडायचे आणि तीन दिवस हॉटेलात न्यायचे. पाहुणे प्रशिक्षक यायचे, फळ्यावर बाण काढायचे. कागदी पेल्यांचे मनोरे रचून घ्यायचे. पाडायचे, पुन्हा रचायचे. एका वर्षी त्यांनी एक खेळ घेतला. शब्दही न बोलता, फक्त हातांनी खुणा करून आपल्या गटाकडून काम करून घ्यायचं. आपल्या बारा भावी नेत्यांपैकी एकालाही जमलं नाही. सगळे पोट धरून हसत होते. मीही हसलो. प्रशिक्षक म्हणाले, “ज्याला हे जमेल, तो खरा लीडर.” मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. खाली रेघसुद्धा मारली.

आणि परत येऊन काय केलं? काही नाही. जी बाई हाच खेळ रोज आठ तास, बेचाळीस माणसं आणि लाल काच घेऊन खेळत होती, तिचं नाव मला आठवलंसुद्धा नाही! अहो, राग येतोय मला. माझाच. थोडं पाणी द्या.

बरं. मध्यंतरी आपल्याकडे माणसं टिकेनाशी झाली. हॉलमधून एका वर्षात चौदाजण गेले. मोठ्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, “माणसं का जातात?” आता हे विचारायला खाली जायचं, की बाहेरून सल्लागार आणायचा? आपण सल्लागार आणला. त्याने ऐंशी पानांचा अहवाल दिला. उपाय काय सुचवले? कॅन्टीनला आनंदी रंग द्या, वाढदिवसाला केक कापा, तक्रारपेटी लावा. आपण सगळं केलं. कॅन्टीन पिवळंधमक झालं. तक्रारपेटीची किल्ली माझ्याकडे होती आणि पहिले चार महिने मी ती उघडलीच नाही. उघडली तेव्हा आत एकच चिठ्ठी होती. “पिवळा रंग डोळ्यांना लागतो.”

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने मला चिठ्ठी पाठवली आहे. ‘सर, पाच मिनिटं.’ अगं बाळ, निवृत्त होणाऱ्या माणसाला पाच मिनिटांत आटपायला सांगतेस? या निरोप समारंभांच्या वेळापत्रकाचा नमुना मीच केलाय. मुख्य सत्कारमूर्तीला वीस मिनिटं असतात. बस खाली.

तर दोन महिन्यांपूर्वी सातवे प्रमुख नोकरी सोडून गेले. मी सवयीने जाहिरात दिली. सवयीने मुलाखती घेतल्या, आठवा निवडला. नेमणुकीचं पत्र तयार करून मोठ्या साहेबांच्या फोल्डरमध्ये सहीला ठेवलं. आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर हा दोन ओळींचा राजीनामा. मास्तरीणबाई गेल्या तर त्यांच्या मागोमाग निम्मा हॉल जाईल, हे कळायला मला सल्लागार लागला नाही. माझे डोळे पांढरे झाले. म्हणून, लक्षात घ्या, न्याय करावा म्हणून नव्हे, घाबरून, मी पहिल्यांदा मीटिंगमध्ये म्हणालो की हॉलचं प्रमुखपद मास्तरीणबाईंना द्यावं.

संचालक साहेब म्हणाले, “बाई कामाला उत्तम आहेत, पण त्यांना तिथून हलवलं तर हॉल बसेल.” मी म्हटलं, “अहो, हलवतंय कोण? त्याच हॉलच्या प्रमुख करायच्या आहेत.” तर म्हणाले, “पण मीटिंगमध्ये बोलतील का त्या?” मग मोठ्या साहेबांनी त्यांची फाइल मागवली आणि म्हणाले, “आधीचे शेरे काय सांगतात ते बघू.” आणि वाचायला लागले.

अकरा वर्षांपूर्वीचं मूल्यमापन. संवादकौशल्य, दहापैकी दोन. शेरा असा: “निरीक्षणाच्या काळात बाईंनी एकदाही तोंड उघडले नाही. हाताखालच्या लोकांशी संवाद नाही. हातवारे फार करतात. नेतृत्वासाठी विचार करू नये.” आणि त्यापुढची दहा वर्षं, दर वर्षी एकच ओळ. “मागील शेऱ्यात बदल नाही.” “मागील शेऱ्यात बदल नाही.”

मोठ्या साहेबांनी फाइल माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, “हे अक्षर तुमचंच ना?”

माझंच होतं. अकराच्या अकरा सह्या माझ्याच.

त्या मीटिंगमध्ये मी काय केलं? मी गप्प बसलो. ज्या बाईला मी ‘बोलत नाही’ म्हणून नापास केलं, तिच्यासाठी बोलायची वेळ आली तेव्हा हा एकतीस वर्षं संवादकौशल्य शिकवणारा माणूस मूग गिळून बसला. पुढचा विषय चहाच्या मशीनचा होता. त्यावर पाऊण तास चर्चा झाली. त्यात मी तीन सूचना केल्या.

संध्याकाळी फाइल काखोटीला मारून मी कॅन्टीनमध्ये गेलो. मास्तरीणबाई पाळी संपवून चहा पीत बसल्या होत्या, हेल्मेट शेजारच्या खुर्चीवर. मी म्हटलं, “हा शेरा मी लिहिलाय.” आणि पान उघडून पुढे केलं. त्यांनी चष्मा पुसला, लावला आणि मोठ्याने वाचलं, “हातवारे फार करतात.” आणि हसल्या हो! इतक्या हसल्या की चहा सांडला.

मग म्हणाल्या, “साहेब, त्या दिवशी तुम्ही हॉलमध्ये किती वेळ होतात?”

“वीसेक मिनिटं.”

“कानांत बोळे होते?”

“होते.”

“मग मी बोलले असते, तर तुम्हाला ऐकू आलं असतं?”

कप्पाळ!

“त्या वीस मिनिटांत मी काय केलं सांगू?” त्या म्हणाल्या. “मला लख्ख आठवतंय, कारण ऑफिसातलं माणूस खाली आलं की आम्हाला धडकीच भरते. दोन नंबरचा साचा बदलायला लावला. एक नवीन बाई गरम पट्ट्याला टेकत होती, तिला मागे घेतलं. आणि तुम्ही लिहिता लिहिता मशीनजवळच्या धोक्याच्या पिवळ्या रेघेच्या आत आलात, म्हणून तुमच्या पाठीमागे एक माणूस उभा केला.”

“माझ्या पाठीमागे?”

“तुमचा पाय घसरला तर धरायला. वीस मिनिटं उभा होता बिचारा. त्यालाही मी हातवारे करूनच सांगितलं होतं.”

मित्रहो, ज्या वहीत मी ‘हाताखालच्या लोकांशी संवाद नाही’ असं लिहीत होतो, ती वही हातात धरून मी धडधाकट उभा होतो, तो त्या संवादामुळे! आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मागे कुणी उभं आहे का, हे मी वळून पाहिलंच नाही.

मी विचारलं, “तुम्ही कधी काही म्हणाला का नाहीत?” त्या म्हणाल्या, “तीन अर्ज दिले की.” फाइलमध्ये होते. तिन्ही. टाचणी लावून, क्रमाने. तिन्हींवर माझ्या अक्षरात दोन शब्द, “नोंद घेतली.” ऑफिसातल्या मंडळींना माहीत आहे, आपल्याकडे ‘नोंद घेतली’ म्हणजे काय. म्हणजे वाचलं नाही.

“राग आठव्याचा नाही साहेब,” त्या म्हणाल्या. “तो बिचारा कुणाचा तरी मुलगा असेल. शिकवायलाही मला आवडतं. पण सहा महिने मी शिकवायचं आणि सातव्या महिन्यात त्याने माझं मूल्यमापन वाचून दाखवायचं, मागच्यासारखंच. सासूबाई दरवर्षी विचारायच्या, तुला साहेब कधी करणार गं? मी म्हणायचे, पुढच्या वर्षी. त्या गेल्या. त्यांना शेवटपर्यंत पुढच्या वर्षीच सांगितलं. आता बास झालं.”

एवढंच म्हणाल्या. आवाजही चढवला नाही. आपला कप धुवून ठेवला आणि गेल्या.

अजून एक राहिलंय, तेही सांगून टाकतो. गेल्या वर्षी तीन नंबरच्या मशीनचा हवेचा पाइप फुटला. लाल काच साच्याबाहेर जमिनीवर पडायला लागली. सातवे प्रमुख तेव्हा वरच्या गॅलरीत होते, फोनवर ओरडत होते. कुणाला ऐकू जाणार? मास्तरीणबाई एका स्टुलावर चढल्या आणि दोन्ही हात डोक्यावर फुली मारून उभ्या राहिल्या. तिन्ही मशीन थांबली. मग एकेका गटाला दार दाखवलं. दीड मिनिटात बेचाळीस माणसं बाहेर. कुणाला खरचटलंही नाही. महिनाभराने याच व्यासपीठावर प्रसंगावधानाबद्दल पुरस्कार दिला गेला. कुणाला? सातव्या प्रमुखांना! मानपत्र मी लिहिलं होतं. त्यातलं वाक्य मला पाठ आहे, “त्यांच्या एका हाकेसरशी सारा हॉल रिकामा झाला.”

एका हाकेसरशी. त्या हॉलमध्ये! आणि या सभागृहात पाचशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. मागे उभी असलेली ही मंडळीसुद्धा टाळ्या वाजवत होती. त्यांच्या टाळ्या स्टुलावर उभ्या राहिलेल्या बाईंसाठी होत्या, हे मला आत्ता कळतंय.

मोठे साहेब, मी आपलाही मान राखून बोलतो, पण बोलतो. आपण दर भाषणात म्हणता, आपल्याकडे चांगली माणसं मिळत नाहीत. मिळत नाहीत कशी? एकोणीस वर्षं आपल्याच दारात उभी आहेत. आपण दोघांनी मिळून त्यांच्या खुर्च्यांवर ‘राखीव’ची चिठ्ठी लावून ठेवली आहे, आणि वर विचारतो, लोक उभे का राहतात. माझ्या दोषाचं खापर आपल्या डोक्यावर फोडत नाही. शेरा माझा आहे. पण अकरा वर्षं त्याखाली मंजुरीची सही करणारा हात आपला होता, आणि सगळं माहीत असून मीटिंगमध्ये आडवे येणारे संचालक साहेब होते. आम्ही तिघांनी हे केलं. बाकी कुणाला यात ओढू नका.

आता कामाचं बोलतो. आपल्या नियमावलीत एक कलम आहे, मीच घातलेलं, कधी वापरलं नाही. शेरा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला नोकरीत असेपर्यंत स्वतःचा शेरा दुरुस्त करता येतो. आज दुपारी तीन वाजता मी तो केला. अकराही वर्षांचा. संवादकौशल्य, दहापैकी दहा. शेऱ्यात लिहिलं आहे, “मूल्यमापन करणाऱ्याला हॉलची भाषा येत नव्हती. चूक त्याची.” हा कागद आपल्या समोरच्या फोल्डरमध्ये आहे, त्या फुलांच्या गुच्छाखाली. त्याखाली आठव्या उमेदवाराचं नेमणूकपत्र आहे, अजून सहीशिवाय. आणि त्याच्याखाली अजून एक नेमणूकपत्र आहे. तेही मीच टाइप केलं. माझ्या नोकरीतलं शेवटचं. कुणाच्या नावाचं, ते सांगायला हवं का?

मास्तरीणबाई, थांबा. दाराकडे निघालात ते दिसतंय मला. तुम्हाला हे असलं चारचौघांत आवडत नाही, माहीत आहे. दोन मिनिटं थांबा, मग खुशाल जा.

प्रथेप्रमाणे वक्त्याने शेवटी म्हणायचं असतं, की बोलताना काही चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं. आजच्या बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर सभागृहाने उदार मनाने तेवढं पोटात घालावं. आयोजकांचे, सजावट करणाऱ्यांचे, चहा देणाऱ्या मंडळींचे आणि गोळी आठवणीने देणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींचे आभार. पण अकरा वर्षांच्या चुकीची माफी अशी भाषणाच्या शेपटाला बांधून मागायची नसते. ती तुमच्या हॉलच्या पद्धतीने मागतो. गेले तीन आठवडे तुमच्याच मशीनवरच्या माणसाकडून शिकतोय.

हे बघा. एकदा. दोनदा. चूक माझी.

…संचालक साहेब, आपण उभे का राहिलात? अरे! संचालक साहेबांनीही डोक्यावर हात ठेवला. दोनदा. बरोबर ठेवला. विसरला नव्हतात तर.

बघताय ना सगळे? मास्तरीणबाईंनी छातीवर हात ठेवलेला नाही. त्या बोट दाखवतायत. माझ्याकडे नाही, अध्यक्षांच्या टेबलाकडे. पुढच्या रांगांतल्या मंडळींना कळलं नसेल, तर संचालक साहेब, आपण उभेच आहात, जरा मोठ्याने सांगा त्या काय म्हणतायत. आपण त्यांचेच विद्यार्थी आहात.

ऐकलंत? “आधी दुरुस्ती.”

राजीनाम्यावर मी सही करत नाही. हा माझ्या खिशात सहा वाजेपर्यंत राहील. मोठे साहेब, गुच्छ बाजूला ठेवला आहे आणि पेन आपल्या उजव्या हाताशी आहे. मी खाली बसतो.